निकॉन झेड एफ : अंधारातही हाताला कळणारा कॅमेरा

सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोडेवाल्या बाबांनी माझा कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हाऊ रोलना शे का?” मी म्हटलं, नाही बाबा, नवाच आहे, कार्डावर चालतो. त्यांनी वरची चकती एक घर फिरवली, तिचा ‘कट्’ आवाज कान देऊन ऐकला, पुन्हा मागे फिरवली. “तरी बी बेस शे,” म्हणाले आणि परत दिला.

या कॅमेऱ्याबद्दल त्यानंतर मी बरंच वाचलं, पण बाबांनी जे केलं तेच मला सगळ्यात पटलं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही की मागचा स्क्रीन पाहिला नाही, चकती फिरवून पाहिली. मीही तो त्याच कारणानं घेतला.

मी रेल्वेतला माणूस. १९८७ साली भुसावळला असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो, २०२४ ला लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. फंडाच्या पैशातून मुलीचं, घराचं सगळं भागल्यावर एकच वस्तू स्वतःसाठी घेतली. निकॉन झेड एफची बॉडी, सोबत ४० एमएम एफ २ ची लेन्स आणि जुन्या लेन्स जोडायला एफटीझेड टू अ‍ॅडाप्टर. बॉडीच पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. रक्कम मोठी आहे, म्हणून सव्वा वर्ष वापरल्याशिवाय याच्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. थंडी, मे महिना, पाऊस, सगळं यातून गेलं. आता लिहितो.

आधी इंजिनाचं सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. रात्री गाडी चालवताना कॅबमधला दिवा बंद असतो. आत उजेड असला तर बाहेरचा सिग्नल नीट दिसत नाही. त्यामुळे मास्टर कंट्रोलर, ए-नाइनचा ब्रेक, हॉर्न, सगळं हातानं ओळखायचं. डब्ल्यूएजी-५ या मालगाडीच्या जुन्या विजेच्या इंजिनाला ३२ नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या पायऱ्या. दांड्याला एक ठोका दिला की एक नॉच चढायचा. काट्याकडे नजर जायची ती नुसती खात्री करायला, हाताला आधीच कळलेलं असायचं. डोळे पूर्ण वेळ रुळावर. पुढे स्क्रीनवाली इंजिनं आली. ती ताकदीनं आणि ब्रेकिंगमध्ये खूपच पुढची होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण हात आणि यंत्र यांच्यातलं ते ठोक्याठोक्याचं बोलणं मला नेहमी आठवत राहिलं.

१९९४ साली बोनस आणि साठवलेला ओव्हरटाइम घेऊन मी मुंबईला फोर्टात गेलो आणि वापरलेला निकॉन एफएम-टू आणला, ५० एमएम एफ १.८ लेन्ससकट. हा कॅमेरा १९८२ साली बाजारात आला आणि त्याचं शटर तेव्हाच सेकंदाच्या १/४००० पर्यंत जायचं. तेही पूर्ण यांत्रिक. आतले दोन बटणसेल संपले तर फक्त लाइट मीटर बंद पडायचा, फोटो निघायचाच. रनिंग रूममधल्या, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या खोलीतल्या गड्यांचे, गँगमनचे, तापीच्या पुलाचे कितीतरी फोटो मी त्यावर काढले. रंगीत रोल परवडायचा नाही तेव्हा उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म भरायची. लॅब बंद पडत गेल्या तसा कॅमेरा कपाटात गेला. मग दोन डिजिटल कॅमेरे झाले, फोन झाले. फोटो चांगले येत होते, पण कॅमेरा घेऊन सकाळी उठून बाहेर पडावंसं वाटेना.

झेड एफ सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याचं रूप निकॉननं उघडउघड एफएम-टूवरून घेतलं आहे. समोर सत्तर-ऐंशीच्या दशकातली सरळ अक्षरांची नाममुद्रा, वर पितळी चकत्या, काळं अंग. डावीकडे आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, उजवीकडे शटर, त्याच्या शेजारी एक्स्पोजर कमीजास्त करायची छोटी चकती. आतला सेन्सर मात्र पूर्ण आजचा : फुल फ्रेम, २४.५ मेगापिक्सेल. हात हलला तरी फोटो सावरणारी व्यवस्था बॉडीतच आहे आणि ती कंपनीच्या मोजणीनुसार आठ स्टॉपपर्यंत काम करते. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

रेट्रोची ही आवड आजची नाही. एप्सननं २००४ मध्ये आर-डी-वन काढला होता. डिजिटल असून त्याला शटर चढवायचा दांडा होता, दर फोटोनंतर अंगठ्यानं ओढायचा. २००९ मध्ये ऑलिंपसनं आपल्या जुन्या पेन कॅमेऱ्यांची आठवण करून देणारा ई-पी-वन आणला. २०१० च्या फोटोकिना या जर्मनीतल्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात फुजीफिल्मनं एक्स-१०० दाखवला आणि तिथून हे वारं खरं सुटलं. निकॉनचा डीएफ २०१३ चा, १६.२ मेगापिक्सेलचा, आणि त्यात व्हिडिओची सोयच ठेवली नव्हती. मी तेव्हा मासिकात त्याचा फोटो पाहून पान दुमडून ठेवलं होतं. मुलीचं शिक्षण चालू होतं, पान तसंच राहिलं.

मुलगी पुण्याला असते. तिच्याकडे फुजीचा एक्स-१००-व्ही आहे, ज्याच्यासाठी २०२२-२३ मध्ये जगभर लोक महिनोन्‌महिने वाट पाहत होते. तिला रोलचा काळ आठवतही नाही. म्हणजे जुन्या आठवणींसाठी लोक हे कॅमेरे घेतात, ही समजूत तिच्या बाबतीत लागूच पडत नाही. मी तिला कारण विचारलं तर ती म्हणाली, “बाबा, फोनमधला फोटो फोनच काढतो. यात मी काढते.” फोन एका दाबात कितीतरी फ्रेम घेतो, त्या जोडतो, आभाळ वेगळं उजळतो, चेहरा वेगळा. परिणाम देखणा असतो, पण निर्णय झालेला असतो. चकतीवरचा १२५, म्हणजे सेकंदाचा १/१२५, हा आकडा आपण निवडलेला असतो. चूक झाली तर चूकही आपलीच.

आता चकत्यांचं. झेड एफच्या शटरच्या चकतीला दर घराला एक स्टॉप. १२५ वरून दोन ठोके दिले की ५००. कॅमेरा बंद असला तरी आकडे दिसतात, त्यामुळे घरातून निघतानाच मांडणी करता येते. आमच्या खान्देशात याचा विशेष उपयोग. जुने फोटोग्राफर सांगायचे तो नियम : लख्ख उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. मार्च ते मे सकाळी नऊनंतर भुसावळच्या उन्हाचा अंदाज चुकत नाही. आयएसओ १००, शटर १२५, एफ १६, आणि मग दिवसभर मीटरकडे न बघता काम करा. मी सावद्याकडे केळीच्या कापणीला जातो तेव्हा हीच मांडणी असते. बागेच्या आत शिरलो की पानांची हिरवी सावली, तिथे शटर तीन घरं खाली. बाहेर ट्रकपाशी आलो की तीन घरं वर. घड खांद्यावर घेऊन मजूर सावलीतून उन्हात येतो तेवढ्या दोन पावलांत माझं बोट तीन ठोके देऊन मोकळं झालेलं असतं, आणि डोळा त्याच्या चेहऱ्यावरच असतो.

इथे एक बारकी गोष्ट खरेदीआधी समजून घ्या. सोबत मिळणाऱ्या ४० एमएमच्या एसई लेन्सला ॲपर्चरची रिंग नाही. दिसायला ती जुन्या लेन्ससारखी आहे, कंगोरेही तसेच, पण एफ नंबर बदलायचा तो बॉडीवरच्या चाकानं. वर एक इवलीशी खिडकी आहे तिच्यात तो आकडा उमटतो, कॅमेरा चालू असेल तेव्हाच. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी डोळ्यांसमोर आणि तिसरी झाकलेली. मला हे अर्धवट वाटतं. ज्याला खऱ्या अर्थानं चकत्यांवर काम करायचं आहे त्यानं रिंगवाली जुनी लेन्स लावावी. माझी ५० एमएम अ‍ॅडाप्टरवर बसली त्या दिवशी हा कॅमेरा पुरा झाला. आयएसओ, शटर, ॲपर्चर, अंतर, चारही आकडे एका नजरेत आणि बटण बंद.

जुनी लेन्स लावताना मेनूत तिचं फोकल लेंथ आणि सगळ्यात मोठं ॲपर्चर एकदा भरून ठेवावं लागतं, मग हात सावरणारी व्यवस्था तिच्यासोबतही चालते. फोकस अर्थात हातानं. पण इथे झेड एफनं माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या डोळ्यांवर मोठी दया केली आहे. हातानं फोकस करत असतानाही तो समोरच्या माणसाचा डोळा शोधून त्यावर चौकट आणतो, आणि मोठं करून बघायचं बटण दाबलं की नेमका तोच भाग मोठा दाखवतो. एफएम-टूच्या काचेत मला आता फोकस नीट लागत नाही. यात लागतो.

भरीत पार्टीचा एक प्रसंग सांगतो. जानेवारीतली रात्र, यावलकडचं एका मित्राचं शेत. बामणोदची वांगी कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजायला टाकलेली. उजेड फक्त त्या जाळाचा, तोही क्षणात भडकणारा, क्षणात बसणारा. वहिनी वांगी उलटत होत्या, पलीकडे कळण्याच्या पुऱ्या चालल्या होत्या. मी आयएसओ ६४०० वर ठेवला, लेन्स एफ २ वर, आणि शटर ६० वर. जाळ उठला की दोन ठोके वर, बसला की दोन ठोके खाली. चकतीवरचे आकडे अंधारात दिसतच नव्हते आणि मला ते पाहायची गरजही पडली नाही. कुठून निघालो आणि किती ठोके दिले एवढं लक्षात ठेवायचं. मनमाडच्या बाजूनं रात्री येताना हात असाच काम करायचा. त्या रात्री घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आज ड्युटी केल्यासारखं वाटलं. फोटोत धूर, वहिनींच्या हातातली काचेची बांगडी आणि तिच्यावर जाळाचा लाल ठिपका, सगळं आलं आहे. ६४०० ला जे दाणे दिसतात ते मला खटकत नाहीत.

सारंगखेड्यालाही जाऊन आलो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. मारवाडी, काठियावाडी, दूरदूरच्या व्यापाऱ्यांची जनावरं. रेवाल चालीचा घोडा पळताना पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा. पाय विजेसारखे आणि वरचा स्वार जवळजवळ स्थिर. हा फोटो १/१००० ला काढला तर घोडा पुतळा होतो. मी ३० वर ठेवला आणि घोड्यासोबत कॅमेरा फिरवत गेलो. चाळीस-पन्नास वाया गेले, तीन साधले. स्वाराचा फेटा स्पष्ट, खाली नुसती धूळ आणि पायांच्या रेघा.

पहाटे मात्र मी शटरखालचा दांडा ‘बी अँड डब्ल्यू’ वर सरकवला. हा दांडा या कॅमेऱ्याची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं माझं मत. मेनूत शिरायचं नाही, एक खटका, आणि व्ह्यूफाइंडरमधलं सगळं जग काळंपांढरं. इंदू फिल्म भरायचो तेव्हा पुढचे ३६ फोटो काळेपांढरेच होणार हे माहीत असायचं, पण डोळ्यांना रंग दिसायचे आणि मनात ते पुसावे लागायचे. इथे धुक्यातला पांढरा घोडा, शेकोटीजवळची घोंगडी, तंबूच्या दोऱ्या, हे काळ्यापांढऱ्यात कसं दिसेल हे आधीच समोर असतं. त्यातले तीन प्रकार मिळतात. साधा, सपाट आणि गडद. गडद, म्हणजे डीप टोन, मला धुक्यासाठी आवडतो, उन्हासाठी नाही. आमच्या कडक उन्हात सावल्या मुळातच काळ्याकुट्ट, त्या आणखी बुजतात.

काळ्यापांढऱ्याचा विषय निघाला की मला चाळीसगाव आठवतं. स्टेशनजवळच छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ते गेले. आयुष्यातली कित्येक दशकं त्यांनी त्या घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता काढली आणि टेबलावर मांडलेल्या लहान लहान वस्तूंतून, प्रकाश इकडचा तिकडे करून, मोठाले देखावे उभे केले. येणाऱ्या एका गाडीची ते रोज वाट पाहायचे असं सांगतात. माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं ते तिथे होते आणि मी त्याच स्टेशनातून गाड्या नेत होतो, पण एकदाही उतरून गेलो नाही. ही रुखरुख आहे. निवृत्तीनंतर घर पाहून आलो. परत आल्यावर आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर समई, लसणाच्या पाकळ्या आणि मिठाचा ढीग मांडून फोटो काढत बसलो होतो. १/८ ला हातात धरून काढलेला फोटोही या बॉडीत स्थिर येतो, स्टँड काढावा लागला नाही.

आता वजाबाकी. बॅटरी आणि कार्डासकट वजन ७१० ग्रॅम, आणि उजव्या हाताला धरायला समोर उंचवटा जवळजवळ नाही. रूप जपायचं म्हणून तो दिलेला नाही. छोट्या लेन्ससोबत हे चालून जातं, मोठी झूम लावायची असेल तर हा कॅमेरा घेऊ नका. खालून लावायची ग्रिप वेगळी मिळते, मी ती लावली आणि लांबच्या फेरीला तीच ठेवतो. बॅटरी आणि दोन्ही कार्डं तळाच्या एकाच झाकणाखाली आहेत, म्हणजे स्टँडवर असताना कार्ड बदलायचं तर आधी कॅमेरा उतरवा. दुसरं कार्ड नखाएवढं मायक्रो एसडी. बॅटरी एका चार्जवर साडेतीनशेच्या आसपास फोटो देते. यात्रेला जाताना दोन जास्तीच्या न्याव्यात.

आणि ए मोडचं सांगायला हवं. दुकानदार हे सांगत नाहीत. ए मोडवर ठेवलात की शटर कॅमेरा ठरवतो आणि ती सुंदर पितळी चकती नुसती शोभेची राहते. वर ५०० लिहिलेलं आणि आत दुसरंच काही चाललेलं. जो कायम ए मोडवर काम करतो त्याला निकॉनचाच साध्या रूपाचा कॅमेरा हातात जास्त बरा बसेल. फोटोच्या दर्जात रेट्रो रूपामुळे काडीचा फरक पडत नाही. लग्नाचं काम करणाऱ्या भुसावळच्या एका पोरानं मला विचारलं तेव्हा मी त्याला स्पष्ट नको म्हणालो. मांडवात दोन मोठ्या लेन्स, फ्लॅश आणि घाई असते, तिथे खोल ग्रिप आणि दोन सारखी कार्डं हवीत.

मे महिन्याची सूचना. वरचं सगळं धातूचं आहे. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा उन्हात ठेवलेला कॅमेरा तव्यासारखा तापतो. मी तो पांढऱ्या सुती उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवतो, गळ्यात लटकवून फिरत नाही. याआधी एका दुकानातून भारीपैकी चामड्याचा पट्टा घेतला होता, त्याची शिवण दुसऱ्याच महिन्यात सुटली आणि कॅमेरा थोडक्यात वाचला. आता साधा नायलॉनचा पट्टा आहे.

मागचा स्क्रीन बाहेर काढून उलटा बसवता येतो. मग मागे फक्त चामड्यासारखं अस्तर दिसतं. मी बहुतेक वेळ तसाच ठेवतो. फोटो काढल्याबरोबर मान खाली घालून बघायची सवय दोन आठवड्यांत सुटली, आणि समोरच्या माणसांशी बोलणं वाढलं. शेतात, बाजारात कोणी फोन समोर धरला की लोक केस सारखे करतात. हा कॅमेरा पाहिला की विचारपूस करतात. कोणाच्या वडिलांचा यासारखा होता, कोणाच्या मामाचा स्टुडिओ होता. बोलणं सुरू होतं आणि फोटो त्या बोलण्यातून येतो.

मुलगी दिवाळीला आली तेव्हा आम्ही दोघं हतनूर धरणावर पक्षी बघायला गेलो होतो. दोघांच्याही कॅमेऱ्यांना पक्ष्यांसाठी लागणारी लांब लेन्स नव्हती, म्हणून कोळ्यांचे फोटो काढले. तिच्या एक्स-१०० ला शटरच्याच चकतीत आयएसओ बसवलेला आहे, बाहेरची कडी उचलून फिरवायची. मला ते नाजूक काम वाटलं, तिला माझा कॅमेरा विटेसारखा वाटला. अदलाबदल करून तासभर काढले आणि दोघंही आपापल्या कॅमेऱ्याकडे परतलो. खिशात मावणारा, एकच लेन्सचा, शांत कॅमेरा हवा असेल तर तिचा घ्या. जुन्या लेन्स घरात पडल्या असतील आणि अंधारात काम करायचं असेल तर माझा.

परत येताना तिनं विचारलं, एफएम-टू कुठे आहे? कपाटातून काढला. लेन्स झेड एफवर होती ती उतरवून पुन्हा मूळ जागी लावली. शटरची चकती फिरवली तर तोच ठोका. नवे बटणसेल घातले, मीटरचा लाल दिवा लागला. तिनं पुण्याहून काळ्यापांढऱ्या फिल्मचा रोल पाठवला. संक्रांतीच्या दिवशी तो भरला आहे. बारा फोटो झालेत, चोवीस उरलेत.